सातारच्या छत्रपतींचे इंग्रज वकील : जॉर्ज टॉमसन

१. सातारचे छत्रपति श्रीमंत प्रतापसिंह महाराज यांस इंग्रजांनीं इ. स. १८३९ च्या सप्टेंबरांत गादीवरून दूर केलें, आणि महाराजांचे वकील रंगो बापूजी गुप्ते यांनीं लंडनांत सुमारें चौदा वर्षें ठाण मांडून त्या अन्यायाची दाद मागितली, ही हकीकत आमच्या वाचकांस नवी नाहीं. परंतु त्या दीर्घ प्रयत्नांत जे इंग्रज गृहस्थ रंगो बापूजींच्या बाजूस उभे राहिले, त्यांचीं नांवें आमच्या ग्रंथांतून एखाद्या ओळींत येतात आणि पुढच्या ओळींत नाहींशीं होतात. त्यांपैकीं जॉर्ज टॉमसन यांच्याविषयीं तर दोन परस्परविरुद्ध मतें आहेत. कोणी त्यांस हिंदुस्थानचे निःस्वार्थी मित्र म्हणतात. कोणी पैसे घेऊन बोलणारा फर्डा वक्ता म्हणून त्यांची बोळवण करितात. या दोन मतांपैकीं कोणतें ग्राह्य, याचा निर्णय टॉमसन यांचें संपूर्ण चरित्र पुढें ठेविल्याखेरीज होणार नाहीं. आणि हा प्रश्न केवळ एका परकी मनुष्याच्या अब्रूचा नाहीं. छत्रपतींच्या पक्षाचें जें म्हणणें इंग्रजी कागदांतून आज आपणांस उपलब्ध आहे, त्यांतील बराच भाग टॉमसन आणि त्यांचे सहकारी यांच्या मुखांतून आलेला आहे. साक्षीदार कसा आहे हें ठरल्यावांचून साक्षीचें मोल ठरत नाहीं. म्हणून हा लेख.

२. जॉर्ज टॉमसन यांचा जन्म ता. १८ जून १८०४ रोजीं लिव्हरपूल बंदरीं झाला. आफ्रिकेंतील मनुष्यें गुलाम करून अमेरिकेस नेण्याच्या व्यापारांत हें बंदर अठराव्या शतकांत सर्व इंग्लंडांत अग्रेसर होतें. पार्लमेंटानें तो व्यापार १८०७ सालीं बंद केला. तथापि वेस्ट इंडीज बेटांतील मळ्यांवर गुलामगिरी पूर्ववत् चालू राहिली. टॉमसन यांचें घर सुखवस्तु नव्हतें, व शाळेचें शिक्षण त्यांस बेताचेंच मिळालें. त्यांनीं जें ज्ञान मिळविलें तें बहुतेक स्वतःच्या खटपटीनें. लंडनांत कारकुनी करीत असतां सभांतून व वादमंडळांतून बोलण्याची संवय त्यांस लागली, आणि देवानें दिलेला आवाज व वाणी यांच्या बळावर वयाच्या सत्ताविसाव्या वर्षीं, १८३१ सालीं, गुलामगिरीविरोधी मंडळाचे पगारी व्याख्याते म्हणून त्यांची नेमणूक झाली. ‘पगारी’ हा शब्द वाचकांनीं ध्यानांत ठेवावा. पुढें त्याचें कारण पडेल.

३. या मंडळाची कार्यपद्धति त्या काळीं नवी होती. पूर्वीं थोर लोकांनीं थोर लोकांस विनवावें, अर्ज करावा, वाट पाहावी, असा मार्ग असे. या व्याख्यात्यांनीं गांवोगांव जाऊन सभा भरवाव्या, मळेवाल्यांच्या पक्षाचे वक्ते त्याच व्यासपीठावर येतील तर त्यांच्याशीं रात्र रात्र वाद करावा, आणि जमलेल्या लोकांच्या सह्यांचे अर्ज पार्लमेंटाकडे रवाना करावे. मळेवाल्यांच्या बाजूचे पीटर बॉर्थविक यांच्याशीं टॉमसन यांचे वाद या काळांत फार गाजले. १८३२ सालीं मतदानाचा कायदा सुधारून मध्यम वर्गास मत मिळालें होतें. त्यामुळें सभेंत टाळी वाजविणारा पुष्कळदां मतदारहि असे, आणि सभासदांस त्याचा धाक वाटे. १८३३ सालीं गुलामगिरी बंद करण्याचा कायदा झाला. मळेवाल्यांस दोन कोटि पौंड नुकसानभरपाई मिळाली. गुलामांस मात्र कांहीं वर्षें ‘उमेदवारी’च्या नांवाखालीं धन्याकडेच राबावें लागलें. ती उमेदवारीहि पुन्हा चळवळ होऊन १८३८ सालीं संपली. सभा, वाद, अर्ज, मतदाराचा धाक आणि शेवटीं कायदा, ही परंपरा टॉमसन यांच्या मनावर बिंबली. पुढें सातारच्या प्रकरणांत हीच परंपरा त्यांस कां उपयोगी पडली नाहीं, हें आम्ही यथावकाश दाखवूं.

४. मध्यंतरीं, १८३४ च्या सप्टेंबरांत, विल्यम लॉइड गॅरिसन यांच्या निमंत्रणावरून ते अमेरिकेस गेले. तेथील संयुक्त संस्थानांत गुलामगिरी जोरांत होती, आणि एका इंग्रजानें येऊन आपल्या घरच्या गोष्टींत बोलावें याचा तेथील लोकांस संताप आला. ता. २१ ऑक्टोबर १८३५ रोजीं बॉस्टन शहरांत स्त्रियांच्या एका सभेस टॉमसन येणार अशा समजुतीनें मोठा जमाव चाल करून आला. टॉमसन तेथें नव्हते. तेव्हां जमावानें गॅरिसन यांसच पकडून दोरानें बांधून रस्त्यांतून ओढलें. त्यानंतर लवकरच टॉमसन यांस गुप्तपणें गलबतांत बसून तो देश सोडावा लागला. गॅरिसन यांनीं पुढच्या वर्षीं झालेल्या आपल्या पुत्राचें नांव जॉर्ज टॉमसन ठेविलें, यावरून त्या दोघांचा स्नेह किती दृढ होता तें कळतें. जिवावर बेतलें असतांहि पक्ष न सोडणारा मनुष्य, एवढी गोष्ट या प्रसंगानें सिद्ध होते.

५. हिंदुस्थानाकडे त्यांचें लक्ष गेलें तें याच मार्गानें. मॅंचेस्टरच्या गिरण्यांस लागणारा कापूस बहुतेक अमेरिकेंतून, म्हणजे गुलामांच्या श्रमांतून येई. हिंदुस्थानांत स्वतंत्र शेतकऱ्यानें पिकविलेला कापूस पुरेसा मिळूं लागला, तर अमेरिकेंतील गुलामगिरीचा पायाच ढासळेल, असा युक्तिवाद कित्येक गुलामगिरीविरोधी पुढाऱ्यांनीं मांडिला. परंतु हिंदुस्थानचा शेतकरी कापूस पिकवील कसा? त्याच्यावर साऱ्याचा बोजा, रस्ते नाहींत, पाटबंधारे मोडलेले. आणि १८३७-३८ सालीं उत्तर हिंदुस्थानांत पडलेल्या भयंकर दुष्काळाच्या बातम्या तेव्हां ताज्या होत्या. डार्लिंग्टनचे क्वेकर गृहस्थ जोसेफ पीज, राममोहन रॉय यांचे एके काळचे सहकारी विल्यम ॲडम, आणि टॉमसन यांच्या खटपटीनें १८३९ च्या जुलईंत लंडनांत ‘ब्रिटिश इंडिया सोसायटी’ स्थापन झाली. स्थापनेच्या सभेचे अध्यक्ष लॉर्ड ब्रूम हे होते. आमच्या दृष्टीनें विशेष लक्षांत घेण्याजोगी गोष्ट ही कीं, या मंडळींत जनरल जॉन ब्रिग्ज हेहि होते. हे ब्रिग्ज म्हणजे ग्रांट डफ यांच्या मागून सातारास रेसिडेंट झालेले, फेरिस्त्याच्या तवारिखेचे भाषांतरकार, आणि जमीनमहसुलावर टीकात्मक ग्रंथ लिहिणारे तेच ब्रिग्ज. म्हणजे सातारचें दरबार प्रत्यक्ष पाहिलेला मनुष्य या मंडळींत आधींपासूनच होता.

६. सोसायटीची स्थापना जुलईंत झाली. त्यानंतर दोन महिन्यांच्या आंत सातारास तो प्रसंग घडला. त्याची पूर्वपीठिका वाचकांस ठाऊक असल्यानें थोडक्यांत सांगतों. १८१९ च्या तहान्वयें प्रतापसिंह महाराजांस इंग्रजांनीं राज्य दिलें. १८३५ सालीं डायरेक्टरांच्या मंडळानें महाराजांच्या कारभाराची प्रशंसा करून एक रत्नजडित तरवारहि पाठविली. मुंबई सरकारनें ती महाराजांच्या हातीं पोंचूं दिली नाहीं. अक्कलकोट, फलटण, भोर, औंध, जत येथील जहागीरदारांवर सत्ता कोणाची, हा वाद चालू होता, आणि महाराज आपली तक्रार मुंबईच्या डोक्यावरून थेट विलायतेस नेऊं पाहत होते. अशा वेळीं, १८३६ सालीं, इंग्रजांच्या पलटणींतील देशी अंमलदारांस फितविल्याचा आरोप महाराजांवर आला. विलोबी, ओव्हान्स आणि तत्कालीन रेसिडेंट लॉडविक या तिघांच्या कमिशननें गुप्तपणें साक्षी घेतल्या. मागाहून गोव्याच्या पोर्तुगीज सरकाराशीं व नागपूरच्या पदच्युत आप्पासाहेब भोसल्यांशीं संधान बांधल्याचे आरोपहि जोडण्यांत आले. १८३९ च्या ऑगस्टांत गव्हर्नर सर जेम्स कारनॅक सातारास आले. आपण तहाचा भंग केला असें मान्य करणाऱ्या कागदावर सही करावी, म्हणजे मागचें सर्व माफ होईल, असें त्यांनीं महाराजांस सांगितलें. न केलेला अपराध मान्य करण्यास महाराजांनीं साफ नकार दिला. ता. ५ सप्टेंबर रोजीं त्यांस पदच्युत करण्यांत आलें. धाकटे बंधु शहाजी ऊर्फ आप्पासाहेब यांस गादी मिळाली, आणि महाराजांची रवानगी पुढें काशीस झाली.

७. रंगो बापूजी लंडनास पोंचले तेव्हां त्यांच्यापुढें प्रश्न होता तो दाद कोठें मागावी हा. येथें कंपनीच्या घटनेचें थोडें विवरण करणें अवश्य आहे. कारण ती नीट ध्यानीं न घेतल्यामुळें रंगो बापूजींचें व टॉमसन यांचें अपयश त्यांच्या उणीवांच्या माथीं मारण्याचा प्रघात पडला आहे. कंपनीचे भागधारक वर्षांतून चार वेळां व विशेष प्रसंगीं लीडनहॉल स्ट्रीटमधील ईस्ट इंडिया हाउसांत जमत. पांचशें पौंडांचे भाग असणारास सभेंत बसण्याचा व बोलण्याचा अधिकार असे. हजार पौंडांस एक मत, तीन हजारांस दोन, सहा हजारांस तीन आणि दहा हजारांस चार. पार्लमेंटाचा सभासद नसलेल्या मनुष्यास हिंदुस्थानच्या कारभारावर उघडपणें अधिकाऱ्यांस जाब विचारतां येईल अशी इंग्लंडांत ही एकच जागा होती. म्हणून जॉर्ज टॉमसन भागधारक या नात्यानें तेथें उभे राहिले. त्यांच्या बाजूस जोसेफ ह्यूम, मुंबईचे जुने व्यापारी सर चार्ल्स फोर्ब्स आणि मद्रासेकडील माजी अधिकारी जॉन सलिव्हन होते; आणि सर्वांत महत्त्वाचें म्हणजे ज्यांनीं स्वतः त्या गुप्त कमिशनांत बसून साक्षी घेतल्या होत्या ते लॉडविक हेहि पुढें महाराजांच्याच बाजूनें बोलूं लागले.

८. या सभांतून झालेल्या वादांचा मुख्य मुद्दा एकच होता: महाराजांस त्यांच्याविरुद्धचा पुरावा दाखविला नाहीं, साक्षीदारांची उलटतपासणी करूं दिली नाहीं, आणि त्यांची बाजू ऐकून घेतली नाहीं. न्यायशास्त्रांत पूर्वपक्षानंतर उत्तरपक्ष यावा लागतो, मग सिद्धांत. येथें पूर्वपक्षावरूनच सिद्धांत काढिला गेला. त्यास जोडून दुसरा मुद्दा कागदपत्रांच्या खरेपणाचा होता, आणि आमच्या वाचकांस तोच अधिक रुचेल. महाराजांचे कैदेंत असलेले दिवाण गोविंदराव यांच्या मातुश्री गिरजाबाई यांच्या नांवानें एक अर्जी सरकारांत आली होती, व तीवरून महाराजांविरुद्धच्या संशयास बळकटी आली. ती अर्जी आपणच लिहिली, असें कृष्णाजी सदाशिव भिडे नामक इसमानें मागाहून कबूल केलें. ही कबुली रेसिडेंट ओव्हान्स यांनीं दीर्घकाळ वर कळविली नाहीं, असा महाराजांच्या पक्षाचा आरोप होता, आणि या आरोपाचा इंग्लंडांत मोठा गवगवा झाला. ज्याच्या नांवें कागद आहे तो त्याचा कर्ता नव्हे, आणि हें ठाऊक असणारानें तें दडविलें. जुन्या कागदांची पारख करणारास या दोन वाक्यांचें गांभीर्य सांगावयास नको. टॉमसन यांनीं हे मुद्दे त्यांच्या नेहमींच्या आवेशानें मांडिले, पुस्तिकारूपानें छापविले आणि गांवोगांव वांटविले.

९. तथापि फळ आलें नाहीं. आणि तें येणेंहि शक्य नव्हतें. त्याचीं कारणें तीन. पहिलें: १७८४ च्या पिटच्या कायद्यानें, डायरेक्टरांच्या ज्या निर्णयास बोर्ड ऑफ कंट्रोलची संमति मिळाली तो फिरविण्याचा भागधारकांचा अधिकार काढून घेतला होता. सभेनें एकमतानें ठराव केला असता तरी त्याचें मोल शिफारशीपलीकडे नव्हतें. दुसरें: १८३३ च्या सनदेनें कंपनीचा व्यापार बंद होऊन भागधारकांस दरसाल शेंकडा साडेदहा प्रमाणें व्याज, एकूण सहा लक्ष तीस हजार पौंड, हिंदुस्थानच्या वसुलांतून मिळण्याची कायम व्यवस्था झाली होती. सातारास न्याय मिळो वा न मिळो, त्यांच्या प्राप्तींत कवडीचा फरक पडत नव्हता; उलट अधिकाऱ्यांशीं वांकडें घेतल्यास मुलाभाच्यांस हिंदुस्थानांत नोकऱ्या मिळण्याची पंचाईत. तिसरें: ज्या बोर्ड ऑफ कंट्रोलच्या हातीं खरी सत्ता होती, त्याचे अध्यक्ष सर जॉन हॉबहाउस हे १८३५ पासून १८४१ पर्यंत व पुन्हा १८४६ पासून १८५२ पर्यंत अधिकारावर होते. महाराजांस पदच्युत केलें तेव्हां तेच, आणि सातारचें राज्य खालसा झालें तेव्हांहि तेच. स्वतःच मान्य केलेला निर्णय ते स्वतः होऊन कां फिरवितील? गुलामगिरीच्या लढ्यांत टॉमसन यांच्या पाठीशीं मतदार होता. लीडनहॉल स्ट्रीटच्या दिवाणखान्यांत त्यांच्यासमोर व्याजाचे धनी बसले होते. वाणी तीच, युक्तिवाद तितकाच सबळ. अधिकरण मात्र निराळें. अपयशाचें मर्म येथें आहे.

१०. हा वाद चालू असतांच टॉमसन एकदां हिंदुस्थानांत येऊन गेले. १८४१ च्या सुमारास धान्यावरील जकात उठविण्याची चळवळ इंग्लंडांत शिगेस पोंचली होती. त्या लीगच्या पुढाऱ्यांशीं असा करार झाला कीं, टॉमसन यांनीं आधीं जकातीविरुद्ध व्याख्यानें द्यावीं आणि ती उठल्यावर लीगनें हिंदुस्थानचा प्रश्न हातीं घ्यावा. जकात १८४६ सालीं उठली. करारांतील उत्तरार्ध तसाच राहिला. मध्यंतरीं १८४२ सालीं कलकत्त्याचे द्वारकानाथ टागोर विलायतेस गेले होते, त्यांच्यासमवेत टॉमसन बंगालांत आले. तेथें इंग्रजी शिकलेल्या तरुणांपुढें त्यांनीं दिलेल्या व्याख्यानांतून ता. २० एप्रिल १८४३ रोजीं ‘बेंगाल ब्रिटिश इंडिया सोसायटी’ उदयास आली. ताराचंद चक्रवर्ती, रामगोपाल घोष, प्यारीचंद मित्र हे तिचे आधारस्तंभ. सरकारी कारभाराची माहिती गोळा करावी, ती छापावी आणि सनदशीर मार्गानें दाद मागावी, हा तिचा बाणा होता. तेथून टॉमसन दिल्लीस गेले व बादशहा बहादूरशहा यांनीं आपलें गाऱ्हाणें विलायतेंत मांडण्यास त्यांस नेमिलें. दहा-बारा वर्षांपूर्वीं अकबरशहा बादशहाचे वकील म्हणून राममोहन रॉय इंग्लंडास गेले होते. त्याच कामीं आतां एक इंग्रज नेमिला गेला. अशा रीतीनें दिल्लीचा बादशहा आणि सातारचा छत्रपति, ज्यांच्या पूर्वजांचें वैर दीडशें वर्षांचें, त्या दोघांची बाजू लंडनांत मांडणारा मनुष्य एकच झाला. काळाचा महिमा याहून निराळा काय असतो?

११. भागधारकांच्या सभेचा मार्ग खुंटल्यावर पार्लमेंटाखेरीज गति उरली नाहीं. १८४७ च्या उन्हाळ्यांतील सार्वत्रिक निवडणुकींत टॉमसन लंडनच्या पूर्वेकडील टॉवर हॅम्लेट्स या मतदारसंघांत उभे राहिले आणि तेथील दोन जागांपैकीं एक, सर्वांत अधिक मतें मिळवून, जिंकले. हा मतदारसंघ १८३२ च्या कायद्यानें निर्माण झालेला. स्पिटलफील्ड्सचे रेशीम विणकर, स्टेप्नी व पॉप्लरचे खलाशी, गोदीवरील हमाल, छोटे दुकानदार आणि कारागीर यांची ही वस्ती. वर्षाला दहा पौंड भाड्याचें घर असणारासच मत असल्यामुळें मजुरांपैकीं बहुतेकांस मत नव्हतें. तथापि दुकानदार व कारागीर यांचा कल सुधारणेकडे असे. ज्या गोद्यांतून कंपनीचीं जहाजें एके काळीं हिंदुस्थानास सुटत, त्या ब्लॅकवॉलच्या ईस्ट इंडिया गोद्याहि याच मतदारसंघांत येत. छत्रपतींच्या वकिलास पार्लमेंटांत पाठविलें तें या वस्तीनें.

१२. परंतु दैव येथेंहि आडवें आलें. नवें पार्लमेंट १८४७ च्या नोव्हेंबरांत भरलें. आणि त्यापूर्वींच, ता. १४ ऑक्टोबर रोजीं, प्रतापसिंह महाराजांनीं काशीक्षेत्रीं देह ठेविला. निर्दोषत्व सिद्ध करून घेण्याचा हक्क ज्याचा, तोच वादांतून निघून गेला. पुढें ता. ५ एप्रिल १८४८ रोजीं सातारास शहाजी महाराजहि वारले. काशीस प्रतापसिंहांनीं एक दत्तक घेतला होता. मरणसमयीं शहाजींनीं दुसरा घेतला. आतां प्रश्न एका पुरुषाच्या अपराधाचा न राहतां हिंदु राजाच्या दत्तकविधानाचा झाला. सातारचे रेसिडेंट बार्टल फ्रियर यांनीं दत्तक मान्य करावा असें लिहिलें. मुंबईचे गव्हर्नर सर जॉर्ज क्लार्क यांचेंहि मत तेंच. गव्हर्नर जनरल डलहौसी यांनीं तें मानिलें नाहीं, आणि १८४९ च्या जानेवारींत डायरेक्टरांनीं राज्य खालसा करण्यास संमति दिली. पार्लमेंटांत ह्यूम व टॉमसन यांचा पक्ष अगदींच थोडा होता. हिंदुस्थानच्या प्रश्नावर चर्चा निघाली कीं बांकें ओस पडत. चाळीस सभासद हजर नसल्यास सभा बरखास्त करण्याचा नियम होता, आणि त्या नियमाचा आधार विरोधकांस केव्हांहि घेतां येई.

१३. टॉमसन यांच्या हातूनहि या काळांत एक गोष्ट अशी घडली कीं तिचें समर्थन करतां येत नाहीं. अमेरिकेंत १८५० सालीं पळालेल्या गुलामांस पकडून धन्याच्या हवालीं करण्याचा कडक कायदा झाला, तेव्हां जुन्या मित्रांच्या हांकेस ओ देऊन ते पार्लमेंटाचे सभासद असतां अमेरिकेस निघून गेले व १८५१ च्या मध्यापर्यंत परतले नाहींत. मतदारांस हें आवडलें नाहीं. १८५२ च्या निवडणुकींत सर विल्यम क्ले आणि चार्ल्स बटलर निवडून आले व टॉमसन पराभूत झाले. कंपनीच्या सनदेचा फेरविचार १८५३ सालीं व्हावयाचा होता. म्हणजे ज्या वर्षीं त्यांची पार्लमेंटांत सर्वांत अधिक गरज होती, त्या वर्षीं ते तेथें नव्हते. दोन पीडितांचीं गाऱ्हाणीं एकाच वेळीं उचलणाराची अशी ओढाताण होते, आणि त्यांत दूरच्याचें काम मागें पडतें. त्या वर्षाच्या अखेरीस रंगो बापूजी यांनीं लंडन सोडलें. स्वदेशीं परतल्यावर १८५७ सालच्या उठावांत त्यांनीं काय केलें, त्यांच्या पुत्रास फांशीची शिक्षा कशी झाली, आणि ते स्वतः कसे अदृश्य झाले, तें येथें पुन्हा सांगत नाहीं.

१४. टॉमसन यांच्या उत्तरायुष्याची हकीकत थोडक्यांत उरकतों. १८५६ च्या सुमारास ते पुन्हा हिंदुस्थानांत आले, परंतु प्रकृति बिघडल्यामुळें परत गेले. अमेरिकेंतील यादवी युद्धांत इंग्लंडनें गुलामवाल्या संस्थानांची बाजू घेऊं नये म्हणून त्यांनीं पुन्हा गांवोगांव सभा केल्या. १८६४ सालीं वॉशिंग्टन येथें लोकप्रतिनिधींच्या सभागृहांत त्यांचें व्याख्यान झालें, त्यास अध्यक्ष लिंकन स्वतः उपस्थित होते. ज्या देशांतून एकोणतीस वर्षांपूर्वीं त्यांस लपूनछपून पळावें लागलें होतें, त्याच देशानें असा सन्मान केला. ता. ७ ऑक्टोबर १८७८ रोजीं लीड्स येथें ते मरण पावले. संपत्ति त्यांनीं मागें ठेविली नाहीं. आयुष्यभर पैशाची चणचणच होती, आणि वेळोवेळीं मित्रांनीं वर्गणी करून ती भागविली.

१५. आतां मूळ प्रश्नाकडे वळूं. टॉमसन हे पैसे घेऊन बोलत, हा त्यांच्या विरोधकांचा मुख्य आक्षेप. संस्थानिकांकडून त्यांस मोबदला मिळे किंवा मिळावयाचा असे, यांत नवल कांहीं नाहीं; १८३१ पासून व्याख्यान हीच त्यांची उपजीविका होती. परंतु या आक्षेपांत एक अर्थाचा घोटाळा आहे. आमच्या राजनीतींत ‘वकील’ म्हणजे दरबारचा नेमलेला प्रतिनिधि. त्यास नेमणूक असे, पालखीचा खर्च असे, आणि त्यामुळें त्याच्या प्रामाणिकपणास बाध येतो असें कोणी मानिलें नाहीं. पेशवाईंतील वकिलांचीं पत्रें आपण प्रमाण म्हणून वाचतों तीं ते बिनपगारी होते म्हणून नव्हे, तर ताडून पाहतां खरीं ठरतात म्हणून. शिवाय पगाराचा दोष लावावयाचा तर तो दोन्ही बाजूंस सारखाच लाविला पाहिजे. ओव्हान्स पगारी, कारनॅक पगारी, आणि भागधारकांचें व्याज तर खुद्द हिंदुस्थानच्या रयतेच्या साऱ्यांतून निघालेलें. तेव्हां वेतनावरून सत्याचा निर्णय होत नाहीं. हिंदुस्थानाविषयींची त्यांची आस्था सातारचें काम हातीं येण्यापूर्वींची आहे, हें ब्रिटिश इंडिया सोसायटीच्या तारखेवरून उघड आहे. आणि तत्त्वासाठीं प्राणसंकट पत्करण्याची त्यांची तयारी बॉस्टनच्या प्रसंगानें सिद्ध झालेली आहे. यावरून त्यांस भाडोत्री म्हणणें अन्यायाचें आहे.

१६. तथापि त्यांस सर्वस्वीं आप्त साक्षीदार मानणें हेंहि तितकेंच धोक्याचें. सातारचे मोडी कागद त्यांच्यापुढें येत ते इंग्रजी तर्जुम्यांतून. आणि जें येई तें एका पक्षाकडून. सभेंतील वक्त्यास अतिशयोक्ति सोडतां येत नाहीं. महाराजांचा पक्ष मांडतांना त्यांनीं जहागीरदारांच्या तक्रारींचें वजन कमी केलें, आणि प्रतिपक्षाच्या प्रत्येक चुकींत कपट पाहिलें. म्हणून आमचा निष्कर्ष असा: त्यांच्या हेतूविषयीं शंका घेण्याचें कारण नाहीं, पण त्यांनीं सांगितलेली प्रत्येक गोष्ट मूळ कागदाशीं ताडून मगच स्वीकारावी. ओव्हान्स व कारनॅक यांच्या लेखांसहि हाच नियम लाविला पाहिजे. तो अद्याप पुरा लाविला गेलेला नाहीं.

१७. या निष्फळ ठरलेल्या वादाचें एक फळ मात्र इतिहासास मिळालें. भागधारकांच्या सभेंत व पार्लमेंटांत ‘कागद पुढें ठेवा’ असा लकडा महाराजांच्या पक्षानें सतत लाविल्यामुळें सातारचे कागद मोठमोठ्या जाड पुस्तकांच्या रूपानें सरकारला छापावे लागले. एरवीं ते दप्तरांत बंद राहिले असते. ज्या पुराव्यावर महाराजांस दोषी ठरविलें तो महाराजांस पाहावयास मिळाला नाहीं. आज तो कोणासहि वाचतां येतो. टॉमसन व रंगो बापूजी यांनीं मागितलेली दाद मिळाली नाहीं, पण फेरतपासणीचें साधन त्यांनीं मिळवून ठेविलें.

१८. परंतु छापलेले कागद म्हणजे इंग्रजी तर्जुमे. मूळ मराठी शब्द कोणता होता, ‘फितूर’ होता कीं ‘बोलाचाल’, ‘करार’ होता कीं नुसता ‘मनसुबा’, यावर आरोपाचा सर्व अर्थ अवलंबून असतो. आणि तें तर्जुम्यावरून कळत नाहीं. टॉमसन यांचीं पत्रें मॅंचेस्टरच्या जॉन रायलंड्स ग्रंथालयांत आहेत. कंपनीचें दप्तर लंडनांत आहे. पुण्याच्या दप्तरांत सातारचे रुमाल आहेत. राहिलें तें आमच्या घरोघरीं. सातारा, वाई, भोर, औंध, फलटण येथील ज्या जुन्या घराण्यांत १८३६ पासून १८५४ पर्यंतचे कागद असतील, त्यांनीं लंडनहून आलेलीं मोडी पत्रें, हुंड्यांच्या नकला, काशीकडील खर्चाच्या याद्या, इंग्रजी छापील पुस्तिका, यांपैकीं जें सांपडेल तें वाळवीच्या स्वाधीन न करितां नकलून घेऊं द्यावें. विशेषतः मुद्रा असलेला कोणताहि कागद धुऊं नये, चिकटवूं नये, वा त्याची घडी उलटी करूं नये. कारण मुद्रेच्या खरेपणावरच या प्रकरणांतील अर्धा वाद आहे. ज्या राजास उत्तरपक्ष मांडूं दिला नाहीं, त्याचा उत्तरपक्ष एका परक्यानें परक्या भाषेंत यथाशक्ति मांडिला. तो मूळ कागदांवरून, मूळ भाषेंत मांडण्याचें काम आपलें आहे.